गोराईची मावशी आणि फ्रान्सची सायकल

मला गणपतीची सुट्टी गोराईच्या मावशीनं मिळवून दिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे धाकट्या शेठचं इतकं येणार आहे की वाचणाऱ्याला वाटेल, त्यानंच दिली. त्यानं काही दिलं नाही. मावशी नात्यानं माझी कुणी नाही. गोराई गावातली ख्रिस्ती म्हातारी, लाल लुगडं नेसणारी. तिला मी एकदाच भेटलोय, तेही जेमतेम एक दुपार. नाव विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

तेव्हा मी साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात लेथवर होतो. सातवीत शाळा सुटली, पुढे वडील गेले, आणि गावच्या माणसांनी मला उचलून घाटकोपरच्या खोलीत आणून टाकलं. खोली गावकऱ्यांची. एकाच गावचे आम्ही सगळे तिथं आळीपाळीनं झोपायचो. त्यांचे उपकार आहेतच. पण डोक्यात सतत एकच, आज काम आहे, उद्या असेल ना? शेठ नुसता खाकरला तरी वाटायचं, आपलंच काही चुकलं.

आमच्या मूळ घरात गणपती एकच, आणि तो तीन भावांच्या घरांत पाळीनं. ज्याची पाळी, त्या घरच्या पुरुषानं गणपती घडवतात त्या शाळेतून मूर्ती डोक्यावरून आणायची आणि पूजेला बसायचं. त्या वर्षी पाळी आमची होती. वडील गेल्यानंतरची पहिलीच. पुरुष म्हणजे मी. मला सुट्टी मिळणारच नाही असं थोरले काका गावात बोलत सुटले होते, "त्याका सुटी गावची नाय. ह्यांची पाळी आता आमीच करू." एकदा त्यांनी केली असती तर कायमची त्यांची झाली असती, आणि माझी आई स्वतःच्याच घरात पाहुणी.

मोठे शेठ आजारी होते. सुट्ट्या त्यांच्या मुलाच्या, धाकट्या शेठच्या हातात. धाकटा नुकताच फ्रान्सहून कसलासा कोर्स करून आला होता. काय शिकला ते देवाला माहीत, मशीनकडे तर त्यानं कधी ढुंकून पाहिलं नाही. येताना एक सायकल आणली होती. हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर करंगळीएवढे. ती ऑफिसात भिंतीला टेकवून ठेवायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, तिकडे कसे हिरवे चढउतार असतात, कशी द्राक्षांची शेतं, मध्येच एखादा जुना किल्ला, एखादं चर्च. तिकडचे लोक रविवारी सायकली घेऊन भिंती बघायला निघतात म्हणे. घरी काम नसलं की माणसाला पडक्या भिंतींचंही कौतुक वाटतं.

मी सुट्टी मागितली तेव्हा तो चेन पुसत होता. मशीनला कधी फडकं लावलं नाही पठ्ठ्यानं.

"गणपती? अजून वेळ आहे ना रे."

"शेठ, एस्टीचं बुकिंग करायला लागतं. आणि यंदा पाळी आमची..."

"रविवारी आमच्याबरोबर ये. सामान न्यायला माणूस हवाय. मग बघू."

खोलीवर सांगितलं तर सगळे पोट धरून हसले. "काय रे, शेठाबरोबर फिराक चललंस? फ्रान्साक?" एकानं द्राक्षं आणायला सांगितली, "येताना द्राक्षा हाड हां." मीही हसलो. पण "मग बघू" म्हणजे हो की नाही, हे रात्रभर कळेना.

रविवारी पहाटे अंधेरीहून निघालो. धाकटे शेठ आणि जुहू-सांताक्रूझचे चार-पाच दोस्त, त्यांत एक मुलगी. सगळ्यांच्या अंगात मांडीला चिकटलेल्या आखूड चड्ड्या. आमच्याकडे तसं कुणी रस्त्यावर आलं तर आई घरातून धोतर पाठवेल. मी कारखान्याच्या काळ्या, जड सायकलवर. माझ्या कॅरियरला कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड, दोन थर्मास, सँडविचचा डबा, घडीची खुर्ची. शेठनं स्वतःच्या सायकलचा छोटा पंप मात्र काढून घरी ठेवला होता. "वजन वाढतं यार," तो दोस्तांना सांगत होता. वजनाची एवढी काळजी असलेला माणूस घडीची खुर्ची कशाला आणतो, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी बघितली. लेण्यांच्या डोक्यावर पडकं चर्च आहे. समोर पोरं क्रिकेट खेळत होती. शेठ म्हणाला, "फ्रान्समध्ये असतं तर इथं तिकीट लावलं असतं. आपल्या लोकांना किंमतच नाही." असं म्हणून त्यानं सँडविचचा कागद पायरीवर टाकला. मी उचलला. उचलला नसता तर मला बरं वाटलं असतं, पण सुट्टी डोक्यात होती.

मग गोराईची खाडी. होडीत सायकली चढवताना शेठ ओरडत होता, "ए, सांभाळून, स्क्रॅच नको!" काळ्या सायकलला स्क्रॅच पडला तर चालणार होता, आणि मला पडला तरी. पलीकडे गाव, भातशेतं, नारळ, आणि पुढे उत्तनकडे जाणारा खालीवर रस्ता. त्या मंडळींना उत्तनच्या वरचा पडका किल्ला बघायचा होता.

"बघ, सेम टू सेम!" शेठ म्हणाला. "जेंटल चढ आहेत. एकदम जेंटल."

खुर्ची माझ्या कॅरियरवर होती, म्हणून चढ जेंटल होता.

गाव संपलं तिथंच फ्रान्सचा टायर बसला. जादा ट्यूब माझ्याकडच्या सामानात होती, ती मी बदलली. हवा भरायला पंप नाही. शेठ बेफिकीर, "गावात सायकलवाला असेलच." होता. पण त्याचा पंप त्या ट्यूबच्या तोंडाला बसेना. आपल्या सायकलींचा व्हॉल्व्ह जाडा, हा सुईसारखा बारीक. सायकलवाल्यानं दोनदा बघितलं आणि पंप भिंतीला टेकवला. "साहेब, ही हवा पण तिकडूनच मागवा."

दोस्त हसले. शेठला ते झोंबलं. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ काळ्या सायकलच्या कॅरियरवरचं सामान सोडलं, खुर्ची, डबा, सगळं माझ्या हातात दिलं आणि स्वतः चढला.

"तू ही घेऊन इथंच थांब. आम्ही किल्ला बघून येतो. आणि हे बघ, रिमवर ढकलू नकोस. वाकडी झाली तर सुट्टी विसर."

गेले. मी फ्रान्सची सायकल खांद्यावर, खुर्ची पाठीला, डबा हातात असा रस्त्यात उभा. तेवढ्यात सर आली. मला भिजायचं काही वाटत नव्हतं, पण सायकल भिजली आणि गंजली तर? असल्या सायकली किती लवकर गंजतात कुणास ठाऊक.

"काय रं पोरा, मोळी विकतंस काय?"

समोरच्या ओट्यावर लाल लुगड्यातली म्हातारी उभी होती. घरापुढे चुना लावलेला दगडी क्रूस, त्याला झेंडूची माळ. "ये, ये आत. त्या सांगाड्याला पन घे."

सायकलला सांगाडा म्हणणारं माणूस मला तिथंच आवडलं.

तिनं विचारलं, जेवलास काय? मी नाही म्हणायच्या आत पान मांडलं. मग थांबली. "तुमचा श्रावन ना? थांब, म्हावरं नाय देत." मासळी बाजूला ठेवून आतून तांदळाची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी घेऊन आली. सकाळपासून थर्मास वाहत होतो, त्यातला घोटभर चहा कुणी विचारला नव्हता. इथं ना ओळख ना पाळख, आणि माझा श्रावण सांभाळला गेला. डोळ्यांत पाणी आलं. खाता खाता सगळं सांगून टाकलं, पाळी, काका, आई, "मग बघू."

"सनाला घरात मानूस नको?" ती म्हणाली. बास, एवढंच.

हात धुवायला विहिरीवर गेलो. लाकडी कप्पी झिजून इतकी हलत होती की दोर सारखा बाजूला पडायचा. मावशी तो एका हातानं आवरून दुसऱ्यानं ओढायची. मी दोन कळश्या भरून दिल्या.

मग शेठची वरात परतली. किल्ला चिखलात होता म्हणे, अर्ध्यातून फिरले. शेठनं मावशीचं घर बघितलं, क्रूस बघितला, लाल लुगडं बघितलं, आणि त्याला फ्रान्स आठवलं. "वा! ऑथेंटिक! आजी, इथं उभ्या राहा, एक फोटो."

मावशी उभी राहिली. स्टँड लागला, शेठनं डोळा मिटला, आणि मावशीनं तोंडावर पदर घेतला.

"आदी या पोराला सनाची सुटी दे."

"काय?"

"सुटी. क्रुसाला हात लाव आनि बोल. आमच्या गावात क्रुसापुढं बोललेलं फिरवत नाय."

शेठ हसला. "दिली, दिली."

"दिली दिली नाय. कवापासून कवापर्यंत, ते बोल."

 म्हटलं, वाट लागली, सुट्टी गेली आणि कामही गेलं. दोस्त खिदळायला लागले. ती मुलगी म्हणाली, "अरे बोल ना, घाबरतोस का?" तेव्हा त्यानं क्रुसाला बोट लावलं, पूर्ण हातही नाही, आणि म्हणाला, चवथीच्या आदल्या दिवसापासून गौरी-गणपती जाईपर्यंत.

पदर खाली आला. मावशीनं फोटोला असं तोंड केलं, जसं कुणी तिचे दातच मोजतंय.

सोमवारी शेठ फिरवायला बघत होताच. "अरे, ते मजेत रे." मी मान खाली घालून उभा. पण तेवढ्यात त्या मुलीचा फोन आला, आणि हा तिला काय सांगतो, तर "हो हो, दिली त्याला, म्हणजे काय!" क्रुसाला भ्याला नाही, देवालाही नाही. जुहूच्या चार जणांच्या हसण्याला भ्याला. एवढंच त्याचं शिक्षण, आणि तेवढ्यासाठी फ्रान्सला जावं लागलं.

मी गावी गेलो. गणपती डोक्यावरून आणला. काका दारात उभे होते, त्यांनी वाट सोडली. आईनं ओवाळलं. पाळी आमची राहिली.

आता मी मुलुंडला दुसऱ्या कारखान्यात आहे. इथला मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत मशीन वापरू देतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक चांगला तुकडा मी बाजूला काढून ठेवलाय. त्याची कप्पी करणार आहे, खोल खाचेची, दोर कधीच बाजूला न पडणारी. मावशी, नाव ठाऊक नसलं तरी क्रुसावरून घर सापडेल. कप्पी घेऊन मी येणार, माझ्या हातानं विहिरीवर बसवणार, आणि पहिली कळशी तू एका हातानं ओढायची.