चंद्रभागाबाईंची घोंगडी

दहिवलीला आमच्या भिंतीपलीकडे धर्माजी राहायचा. खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास त्याने परसात जाळीचा, माणूस उभा राहील एवढा पिंजरा बांधला आणि मुंबईहून फिंच पाखरं आणली. चिमणीहून लहान, लाल चोचीची. थंडीत उघड्यावर त्यांची पिल्लं व्हायची नाहीत, असं सगळे सांगत. पण त्या पौषात एका मादीने टांगलेल्या मडक्यात अंडी घातली. धर्माजी भेटेल त्याला थांबवून सांगू लागला.

घाटाकडून वारा सुटला की पिंजऱ्यावरचं गोणपाट पुरेना. मग एके दिवशी त्यावर काळी घोंगडी दिसली. ती त्याच्या आईची, चंद्रभागाबाईंची. त्यांनी स्वतःच टाकली होती. "मला गोधडी हाय की रं. ती अंड्यांवर बसलीय, तिला वारा नको." धर्माजीने परत नेऊन दिली, बाईंनी पुन्हा टाकली. मग त्याने ती तशीच राहू दिली. मनातून त्याला ते हवंच होतं.

लोकांना यातलं काय ठाऊक! चहाच्या टपरीवर कारखान्यातला कमळ्या चारचौघांत म्हणाला, "काय फिटरसाहेब, पाखरांना घोंगडी आन आय कुडकुडतीय? तिला पण अंडं घालाया सांग, मंग गावंल पांघरूण!" सगळे हसले.

धर्माजी घरी आला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. तणतणत परसात गेला आणि त्याने घोंगडी खसकन ओढली. जाळी हादरली, मडकं हेलकावलं. मादी भेदरून बाहेर उडाली आणि अंधारात तिला मडक्याचं तोंड सापडेना. घोंगडी आईच्या अंगावर टाकून तो न जेवता झोपला. उजाडल्यावर मादी पुन्हा अंड्यांवर बसली, पण धर्माजीने त्याआधीच मडक्यात हात घालून पाहिलं होतं. अंडी गार पडली होती.

चंद्रभागाबाईंना मादी बसलेली दिसली. त्यांनी घोंगडी पुन्हा पिंजऱ्यावर घातली. रोज विचारायच्या, "निघाली का रं पिल्लं?"

"बसलीय अजून, आये."

हे खोटं नव्हतं, म्हणून तर त्याला बोलता येत होतं. इकडे बाईंचा खोकला आम्हाला भिंतीतून ऐकू येऊ लागला. धर्माजी टपरीवर जाईनासा झाला. आमच्याशीही मान खाली घालून बोलायचा.

अखेर एका सकाळी त्याने मडक्यातली अंडी काढून आईपुढे हात केला. मी कुंपणापाशीच होतो.

"आये, ही मेलीत. मी घोंगडी वढली तवाच."

"मंग बोलला का नाय?"

"लाज वाटली गं."

"आन मी खोकत व्हते, ते?"

बाईंनी घोंगडी उतरवली, झटकली, अंगाभोवती लपेटून घेतली. तोवर मादी रिकाम्या मडक्यात जाऊन बसली होती.

"आता तिला पण तूच सांग," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.