माने, पण कुठले?

काकूंनी माठ उचलला आणि मोरीत ओतला.

भरलेला माठ होता. सकाळीच मी भरून ठेवला होता. पाणी मोरीच्या कडेवरून बाहेर आलं, दारात उभी होते तिथं माझ्या पायाखाली आलं. काकूंनी माझ्याकडं बघितलंही नाही. माठ पालथा घातला, हात धुतले, पदराला पुसले. मग कळशी घेतली आणि नळाखाली लावली.

राग आला होता, असं आता सांगायला बरं वाटेल. पण राग नव्हता. भीती होती. आता काय होणार, एवढंच.

गाव माझं जतकडचं. कर्नाटकाला लागून. उन्हाळ्यात टँकर आल्याशिवाय घागर भरत नाही, असलं. वडील गवंडी. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. मी सांगलीत बी.ए.ला आले, होस्टेलला नंबर लागला नाही, म्हणून आप्पा मला घेऊन गल्लोगल्ली खोली शोधत हिंडले. या घराच्या फाटकात घरमालकीण काकूंनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"माने," आप्पा म्हणाले.

"अगंबाई, म्हणजे आपल्यातलंच की. या, आत या."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. नजर खाली घेतली आणि आत गेले. माने मराठ्यांत असतात, धनगरांत असतात, आमच्यातही असतात. आम्ही मांग. काकूंनी पुढं विचारलं नाही, आप्पांनी सांगितलं नाही. चहा झाला. खोली मिळाली. एसटी स्टँडवर आप्पा म्हणाले, "आपुन खोटं बोललो न्हाई, ध्यानात ठेव. पर लय बोलू बी नको."

तिथून सुरू झालं.

खोलीत माझ्याबरोबर कुंडलची एक मुलगी होती, प्राजक्ता. माझ्याच वर्गात. वडील मिलिटरीतून रिटायर झालेले, घरची उसाची शेती. चांगली पोरगी. तरी घरचा फोन आला की मी गच्चीवर पळायची. आईचा आवाज मोठा. बोलता बोलता वस्तीतली नावं घ्यायची. मी नुसतं हं हं करायची. काकू मायेनं वागायच्या, ते जास्तच जड जायचं. मला ताप आला तेव्हा उशाशी बसून त्यांनी कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, मऊ भात भरवला. त्यांचा हात कपाळावर होता आणि माझ्या मनात एकच, तापात काही बरळले तर?

कॉलेजात समाजशास्त्र घेतलं होतं. सोपं असतं, मार्क पडतात, असं कुणीतरी सांगितलेलं. मॅडम म्हणाल्या, "आपापल्या गावाचा नकाशा काढून आणा. घरं, विहिरी, देवळं, रस्ते. रोजचं म्हणून जे दिसत नाही, त्याच्याकडं पाहुण्यासारखं बघा."

काढला. आमची वस्ती कागदाच्या खालच्या कोपऱ्यात आली. ओढ्याच्या खालच्या अंगाला. वर धुणीभांडी झाली, जनावरं धुऊन झाली की तेच पाणी आमच्याकडं येतं. टँकर देवळापाशी थांबतो. तिथली पिंपं भरली की उरलेलं आमचं. जन्मापासून बघत होते. त्या दिवशी दिसलं.

मग थांबेचना. गावातली निम्मी घरं आप्पांनी बांधलीत. चुलीपुढचे ओटे त्यांनी घातले, देवघरं त्यांनी बांधली, फरशी त्यांनी बसवली. वास्तुशांतीला त्यांना जेवण असायचं. मांडवाच्या बाहेर, सगळ्या पंगती उठल्यावर. मीही जायची लहानपणी. गोडधोड असायचं, मी खुशीत जेवायची. वर्गात शुद्ध आणि अशुद्ध यावर शिकवणं चाललं होतं आणि मला तो मांडव दिसायला लागला. शिकलं की भीती जाते म्हणतात. माझी वाढली. आधी कशाची भीती वाटते ते कळत नव्हतं. आता कळत होतं.

एकदा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, आता कुठं राहिलीय जात? पुस्तकातच हाय." पोरं हसली. मॅडमनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय यावर?" प्राजक्ता शेजारी बसली होती. मी बाकाकडं बघत बसले.

उन्हाळ्याच्या तोंडाला काकूंची थोरली बहीण आली. तिचं सासर आमच्याच भागात. मी चहा घेऊन गेले.

"कुठली गं तू?"

गाव सांगितलं.

"आगं, माज्या नणंदंचं गाव ते. कुणाची?"

"मान्यांची."

"ते कळलं. पर मानं कुठलं? येशीतलं का वड्याकडलं?"

उत्तर माझ्याकडं तयार होतं. वेशीतले. गच्चीवर उभी राहून कितीदा घोकलं होतं. तोंड उघडलं, आणि ते आलंच नाही. का आलं नाही, मला अजून नीट सांगता येत नाही. नकाशा काढलेला होता, एवढं खरं.

"ओढ्याकडचे," मी म्हणाले. "बांधकाम करतात ते."

बाईनं कप खाली ठेवला. बहिणीकडं बघितलं. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मग माठ.

संध्याकाळी काकू खोलीच्या दारात आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. "तुझं काय वाईट न्हाई. गुणाची हायस. पर आमच्या घरात देव हायत, सासूबाईंपासनं सोवळं पाळत आलोय. दुसरीकडं बघ आता. कुणी विचारलं तर सांग, काकूंच्या भावाची पोरगी ऱ्हायला येणार हाय."

त्या गेल्यावर प्राजक्ता म्हणाली, "मी काय बोलणार होते, सांग. मलाही जा म्हणाल्या असत्या." खरंच होतं ते. ती पण घाबरली होती. पण तिची खोली राहिली.

आप्पांना फोन केला. सगळं सांगितलं. "गुमान खोली सोड," ते म्हणाले. "भांडू नको. परीक्षा हाय. म्होरल्या टायमाला येशीतलं म्हणून सांग." त्यांचा आवाज कापत होता. सिमेंटचं पोतं एका दमात खांद्यावर घेणारा माणूस. फोन कानाला तसाच धरून मी बसले. ही भीती माझी एकटीची नव्हती. त्यांना त्यांच्या बापानं दिली होती, त्यांनी मला दिली. जपण्यासाठीच दिली. पण ती पहिल्यांदा घातली कुणी, ते त्या दिवशी मला स्वच्छ दिसत होतं.

निघायच्या दिवशी बॅग घेऊन फाटकात आले. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं, चाललीस?"

काकू ओसरीवरूनच म्हणाल्या, "माझ्या भावाची पोर येणार हाय ना. हिनंच बघितली दुसरी खोली. व्हय की न्हाई गं?" आणि माझ्याकडं बघून हसल्या.

नुसतं हं म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. पुन्हा म्हणाले, "नाही काकू. मी मांगाची आहे, हे कळलं म्हणून काढताय. मी भरलेला माठ तुम्ही ओतलात."

शेजारच्या बाईनं मान फिरवली. आतून काका बनियनवर बाहेर आले. "ए पोरी, तोंड सांभाळ. घरात ठिवून घेतली, खायला घातलं, आन दारात उभी राहून बदनामी करतीस? कॉलेजात माझी वळख हाय. बघतो तू परीक्षा कशी देतीस."

फाटकाची सळई धरून उभी राहिले. "मी खोटं सांगणार नाही," एवढंच म्हणता आलं. चालत कोपऱ्यावर गेले आणि गटारीच्या कडेला बसून ओकले. शूर वगैरे काही नव्हतं ते.

तेव्हापासून मिरजेत एका लांबच्या मावशीकडं राहते, बसनं कॉलेजला येते. परीक्षेच्या दिवसांत एकदा काका कॉलेजच्या फाटकासमोर गाडी लावून उभे होते. नुसते बघत राहिले. मी पेपर लिहिताना सारखी दाराकडं बघत होते. पास झाले. तरी तशी गाडी दिसली की अजून रस्ता बदलते.

यंदा तिसरं वर्ष. प्रकल्पाला विषय द्यायचा होता. मी दिला, सांगलीतल्या भाड्याच्या खोल्या आणि जात. मॅडम म्हणाल्या, "विचार कर. त्याच गल्ल्यांतून फिरावं लागेल. ते घरही त्यातच आहे."

"माहीत आहे," म्हटलं.

आप्पांना सांगितलं. "ह्याच्यासाठी शिकवली व्हय तुला?" म्हणाले आणि फोन ठेवला. अजून बोलत नाहीत.

येत्या सोमवारी सुरुवात करणार आहे. भीती वाटते. जेवण जात नाही. ही भीती जाईपर्यंत थांबायचं म्हटलं तर मी म्हातारी होईन. म्हणून काकांच्या गल्लीपासूनच सुरू करणार. बेल वाजवणार. नाव, गाव, जात माझी मी सांगणार, त्यांनी विचारायच्या आत. मग विचारणार, खोली कुणाला देता आणि कुणाला देत नाही. सांगतील ते लिहून घेणार. तोंडावर दार लावलं, तर तेही लिहिणार. आणि पुढच्या दाराला जाणार.