मैनीचा गंज

नर्स म्हणून गडचिरोलीच्या जंगलात नवी नवी गेले, तेव्हा तिथल्या एका गावातल्या मैनीला मी जर्मनचा भलामोठा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, भेट दिला. याहून मोठा मूर्खपणा मी आयुष्यात केला नसेल. गाव दोन्हीकडच्या बंदुकांच्या मध्ये सापडलेलं. तिच्या घरी खाणारी तोंडं पुष्कळ आणि भात रांधायला भांडं एवढंसं. मग काय, आठवडी बाजारातून गंज डोक्यावर घेऊन बाईसाहेब विकास करायला निघाल्या!

पुढच्या फेरीला पाहते तर गंज अंगणात पालथा, वर दगड आणि आत खुडूक कोंबडी. मी अशी फुगले की कोंबडीसुद्धा लाजावी.

आता टीव्हीवर त्या भागातला गुळगुळीत रस्ता दाखवतात. नात म्हणते, "आजी, बघ किती सुधारलं!" सुधारलंही असेल. दवाखाना जवळ आला असेल. पण त्याच रस्त्यानं आणखी कोण कोण येतं, हे कुणी दाखवत नाही. मी आपली चष्मा सावरून कडेच्या घरांत डोकावते, चुलीवर केवढं भांडं आहे ते शोधते. ते काही दिसत नाही, आणि माझा संशय जात नाही.

गंज पालथा दिसला त्या दिवशी मी मैनीवर डाफरले होते, "पोरांना पोटभर नको का गं?"

तिनं आधी कुडाबाहेर पाहिलं, मग हळूच म्हणाली, "बाई, मोठा गंज दिसला का जंगलवाले जेवाले येतेत. मंग पोलीस येतेत, इचारतेत, एवढा भात कोनासाठी रांधला? माह्या पोरायले भूक लागते, हे कोनाले पटतच नाही."