देवीच्या कौलाला टी टाइम

आमची गावदेवी गोल्फच्या मैदानात आहे. ती तिथे गेली नाही, मैदान तिच्याभोवती आलं. पेण आणि रोह्याच्या मधे आमचं गाव. गावामागची भातशेती क्लबाने घेतली तेव्हा देवीचा दगड हलवायचा नाही आणि गावाची वाट अडवायची नाही असं ठरलं होतं. क्लबाने शब्द पाळला. पाचव्या भोकाच्या बाजूला जांभळाखाली देवी बसली आहे, आणि तिच्याभोवतीचं गवत रोज दाढी केल्यासारखं दिसतं. आमच्या ताब्यात होती तेव्हा तिला गुडघाभर तणातून शोधावं लागायचं.

जमिनीचे पैसे आले. कोणी बंगला बांधला, कोणी गाडी घेतली. आमच्या घरात गाडी आली आणि गेली. नवरा त्याआधीच गेला होता, त्यामुळे त्याला दोन्ही बघावं लागलं नाही.

सुरुवातीला क्लबात खेळणारे थोडे. मनात येईल तेव्हा यायचं, पहिल्या भोकापाशी रांगेत आपला चेंडू ठेवायचा, नंबर आला की खेळायला लागायचं. रेशनच्या दुकानापुढे आम्ही पिशव्या ठेवतो, तसंच. मग मुंबईहून यायला नवा पूल झाला आणि गाड्या वाढल्या. आता मोबाइलवर आधी वेळ घ्यावी लागते, तिला टी टाइम म्हणतात. दर दहा मिनिटांनी चार माणसांची एक चौकडी सोडतात. मागची चौकडी अंगावर येण्याआधी पुढच्यांनी पुढे सरकायचं.

देवीला मात्र बायका पूर्वीसारख्याच मनाला येईल तेव्हा जात होत्या. एकदा ओटी भरायला निघालेल्या बाईच्या टोपलीत चेंडू येऊन पडला. बाई घाबरली नाही, क्लब घाबरला. क्लबाचे साहेब गावात येऊन म्हणाले, "देवीला जरूर या, पण वेळ घेऊन या." वेळ देणाऱ्या मशीनमध्ये देवदर्शनाची सोय नव्हती, म्हणून आम्हाला खेळाडू म्हणून लिहायचं ठरलं. फी माफ. अशी आमच्या गावातली नऊवारीतली अर्धी बायकामाणसं गोल्फ खेळणारी झाली.

आता माझ्या जमिनीचं सांगते. आमच्याकडे एकच तुकडा उरला होता, रस्त्याला लागून. पावसात त्यात भात, आणि भात कापलं की त्याच ओलीवर वाल. ओल आहे तोवर पेरले तर वाल होतात, जमीन सुकली की नाही. माझे वाल पेणच्या बाजारात टोपली खाली ठेवायच्या आत जातात. क्लबाला त्या तुकड्यात गाड्या उभ्या करायच्या होत्या. माझा धाकटा दीर रोह्याच्या कंपनीतून रिटायर झालेला, त्याला मुलासाठी पेणला फ्लॅट घ्यायचा होता. सातबाऱ्यावर त्याचं नाव आणि माझंही, त्यामुळे दोघांच्या सह्यांशिवाय काही होत नव्हतं.

"वयनी, तू काय मेल्यावर वाल बरोबर नेणार हायस?"

"तू फ्लॅट नेणार हायस काय?"

असं भात कापेपर्यंत चाललं. शेवटी तो म्हणाला, "देवीला कौल लावू. ती सांगेल तसं." मी देवीला कधी काही विचारलं नव्हतं. घरात आजारपण आलं तर डॉक्टरला विचारायचं, भांडण झालं तर कोणालाच विचारायचं नाही, ही माझी रीत. पण मी हो म्हटलं. देवी बाईमाणूस, तिच्याही भोवतीची जमीन गेलेली. ती कोणाच्या बाजूने असेल, याचा मी अंदाज बांधला होता.

कौलाची रीत अशी. गुरव दगड ओला करतो, उजवीकडे एक फूल चिकटवतो, डावीकडे एक. गाऱ्हाणं घालतो. मग बसायचं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. ते कधी पडेल ते कोणी सांगू शकत नाही. कधी गुरवाची विडी संपायच्या आत पडतं, कधी सकाळची दुपार होते. आणि मशीनकडून आम्हाला मिळणार होती दहा मिनिटं.

दिराने स्वतःच्या नावाने वेळ घेतली. मी, तो आणि गुरव, असे तिघं गेलो. काउंटरवरच्या मुलीने गुरवाकडे बघितलं. तो धोतर आणि वर उघडा, खांद्यावर उपरणं.

"काका, कॉलरवाला शर्ट पाहिजे. रूल आहे."

"मी देवीपुढं उघडाच जातो."

"देवीपुढे जा हो. पण मैदानावर कॉलर लागते."

शेवटी दिराने स्वतःचा टी-शर्ट काढून गुरवाला दिला, कंपनीच्या सेफ्टी वीकचा, कॉलरचा. आपण बनियनवर राहिला. मग मुलीने दिराला अडवलं. क्लबाच्या दुकानातून एक जुना शर्ट मिळाला तेव्हा आम्ही सुटलो.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "तुम्ही तिघंच आहात. चौथी जागा रिकामी आहे. हे सर तुमच्याबरोबर येतील."

बाकावर एक म्हातारा बसला होता. वेळ न घेता आलेला. असे लोक बसून राहतात आणि कुठल्या चौकडीत जागा रिकामी असली की त्यांना तिथे घुसवतात. क्लबात कितीही मोबाइल आले तरी ही एक गोष्ट एसटीसारखी राहिली आहे.

"तुम्ही बुकिंग का नाय करत?" दिराने वाटेत विचारलं.

"उद्या मला खेळावंसं वाटेल की नाही, हे मी आज कसं सांगू?" म्हातारा म्हणाला.

"देवीचं बी असंच हाय," गुरव म्हणाला, आणि दोघांचं लगेच जमलं.

पहिल्या भोकापासून जायचं, मधूनच वाट सोडायची नाही, हा नियम. म्हणून म्हातारा खेळत होता आणि आम्ही हातात नारळ, फुलं, पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यामागे चाललो होतो. त्याने चेंडूपेक्षा गवताला जास्त मारलं. पाचव्या भोकाला त्याचा चेंडू झाडीत गेला. तो शोधत बसला आणि आम्ही देवीकडे गेलो.

गुरवाने दगड ओला केला, तगरीची दोन फुलं चिकटवली. "आई, ही तुझी लेकरं जमीन द्यावी का नको, असं इचारतात. द्यावी तर उजवं, नको तर डावं." आम्ही बसलो. फुलं जागची हलली नाहीत. मागची चौकडी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. त्यांच्या मागची आली. मग क्लबाचा माणूस छोट्या गाडीतून आला.

"आजी, टाइम झाला. पुढे चला."

"फूल पडू दे, चलते."

"किती वेळ लागेल?"

गुरवाने देवीकडे बोट दाखवलं. "तिला इचारा."

दीर घामाघूम झाला होता. मी डाव्या फुलाकडे बघत होते, खोटं का बोलू. तेवढ्यात झाडीतून म्हातारा ओरडला आणि त्याचा चेंडू आला. जांभळाच्या बुंध्यावर आपटला, तिथून दगडावर, आणि देवीच्या पायाशी थांबला. डावं फूल खाली पडलं. उजवं चिकटून होतं.

"नाय! हा कौल नाय!" दीर उठला. "फूल चेंडूनं पाडलं."

"मग चेंडू कोणी पाठवला?" मी म्हटलं.

"त्या म्हाताऱ्यानं!"

"त्याला आपल्यात कोणी बसवला? मी नाय बसवला. आला बिचारा न ठरवता."

म्हातारा धापा टाकत आला, माफी मागितली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमच्या खेळात चेंडू झाडाला लागून कुठेही गेला, तरी जिथे थांबला तिथून पुढे खेळायचं. मनासारखा गेला नाही म्हणून परत मारायला मिळत नाही."

"तुमच्या खेळाचं आमाला काय?" दीर म्हणाला. "गुरवा, तू बोल."

गुरवाने कॉलर खाजवली. "देवीनं पाडलं का चेंडूनं, हे देवीलाच इचाराय लागेल. परत फुलं लावू."

पण मागे दोन चौकड्या खोळंबल्या होत्या. क्लबाच्या माणसाने आम्हाला गाडीत घातलं आणि बाहेर आणून सोडलं. म्हातारा राहिलेली भोकं एकटाच खेळायला गेला.

दिराने घरी येऊन लगेच दुसरी वेळ घ्यायला मोबाइल काढला. मोबाइल वेळ देईना. त्याने क्लबात चौकशी केली. खेळ रेंगाळवला म्हणून त्याच्या नावाला काही आठवडे बंदी पडली होती. तो साहेबांकडे गेला. ज्या साहेबांना आमची जमीन पाहिजे होती, तेच म्हणाले, "मी काही करू शकत नाही, सिस्टिम आपोआप बंद करते." घाईही त्यांनाच आणि कुलूपही त्यांचंच.

मी वाट बघत बसले नाही. डावं फूल पडलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. जन्मात देवीला काही न विचारलेली मी, त्या दिवसापासून सगळ्या गावाला देवीचा निकाल सांगत फिरले. सून म्हणाली, "आई, तुमी कवापासून एवढ्या भक्त झाल्या?" मी म्हटलं, "निकाल माझ्या बाजूनं लागल्यापासून." आणि ओल होती तोवर वाल पेरले.

दीर बांधावर आला तेव्हा वाल चांगले वर आले होते.

"वयनी, माझी बंदी अजून हाय. तुझ्या नावानं वेळ घेऊ काय?"

"माझं नाव सातबाऱ्यावर हाय तेवढं बस."

"मग कौलाचं काय?"

"तुझी बंदी उठली की लाव. उजवं पडलं तर वाल निघाल्यावर बोलू."

उभ्या पिकावर गाड्या घालायला सांगेल, एवढा तो वाईट नाही. आणि वाल त्यालाही आवडतात. "यंदा जरा दाट पेरलेस," असं म्हणून तो वाकला आणि माझ्या पायाजवळचं तण उपटायला लागला. मी त्याला अडवलं नाही. अर्धी जमीन त्याचीही आहे.