चादरीखालची पिशवी

एका झटक्यात चादर ओढली त्यानं. सगळा वॉर्ड बघत होता. मी उताणा. अंगावर धोतर नाही. लघवीच्या जागी नळी, अन् नळीची पिशवी पोटावर दोन्ही हातांनी धरलेली.

"काय बाबा, अंडी उबवतो का?"

डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. मागं शिकाऊ पोरं-पोरी. ती हसली. पलीकडच्या खाटांवरचे आजारी बी हसले. माझी सून डबा घेऊन पायाशी उभी होती. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

मी चादर ओढून घ्यायला गेलो.

"राहू दे. लाज वाटायचं वय गेलं तुझं."

हे वाक्य अजून अंगातून उतरलेलं नाही.

मी पाथर्डीकडचा. उभा जन्म ऊस तोडला. पाचटाच्या कोपीत राहिलो, पण उघड्या डोक्यानं कुणापुढं गेलो नाही. नगरच्या दवाखान्यात लघवीच्या गाठीचं ऑपरेशन झालं. टोपी गेली, धोतर गेलं. शुद्धीवर आलो तर ही पिशवी. लालसर पाण्यानं भरलेली, खाटेला लोंबणारी. हे काय, म्हणून डॉक्टरला विचारलं. "गप पडून राहा." परत विचारलं. परत तेच.

सून रोज डबा आणायची. आजवर माझ्यापुढं तिनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. तिला सासऱ्याची लघवी दाखवायची? ती यायच्या आधी मी पिशवी उचलून पोटावर घ्यायचो, वर चादर. ती गेली तरी तशीच. तसाच डोळा लागायचा.

मग हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. ताप कशाचा ते बघायला डॉक्टर आला, अन् त्यानं चादर ओढली ती तेव्हा.

हसणं झालं, फौज पुढच्या खाटेकडं गेली. सिस्टरनं पिशवी खाली अडकवली.

"बाबा, ही वर घेतली की लघवी माघारी जाते. जंतू घेऊन जाते."

पाणी उताराला पळतं, हे मला शिकवायला नको. लोकांच्या रानात पाण्याची दारं धरलीत मी. पण माझं पोट अन् ती पिशवी एकच पाट आहे, एवढं सांगायला कुणाला फुरसत नव्हती. हसायला होती.

दुसऱ्या दिवशी नळी तुंबली. ओटीपोट दगडागत. जीव कासावीस. तोच डॉक्टर नळी बदलायला आला. शेजारच्याची पू आलेली जखम दाबत होता, तेच हातमोजे घालून माझ्याकडं वळला. चादरीला हात घातला.

मी मनगट धरलं. कोयत्याचा हात आहे माझा.

"सोड हात."

"हातमोजं बदला. पडदा वढा. मंग लावा हात."

"तुला काय कळतं रे यातलं?"

"न्हाई कळत. म्हनून तर ताप आला. आता सांगितल्याबिगर हात न्हाई."

"मग जा घरी."

"जाईन. बरा करून धाडा, मंग जाईन."

तो तसाच निघून गेला. मी पडून राहिलो. कळा असह्य होत्या. वाटलं, म्हाताऱ्या, मरशील. बोलाव त्याला, पाया पड. बोलावलं नाही. दात दाताला लावून राहिलो.

शेवटी सिस्टरनं त्याला बोलावलं, पडदा ओढला. तो हात धुऊन आला, नवे मोजे घातले. नळी बदलली. मी म्हणालो, "आता सांगा. काय करायचं, काय न्हाई."

भिंतीकडं बघत त्यानं घाईघाईत सांगितलं.

"पुन्यांदा."

या वेळी माझ्याकडं बघून सांगितलं. पडद्यापलीकडून शेजारचा कण्हत बोलला, "सायेब, मला बी सांगा की."

नळी अजून आहे. तपासणीला जावं लागतं. थकलोय. जिना चढताना सुनेचा खांदा लागतो. दुसऱ्या हातात ती पिशवी धरते, माझ्या कमरेखाली.

"मामा, झाकू का वो पदरानं?"

"नको. दिसू दे."

लाज माझी नव्हती. हे कळायला म्हातारपण आलं. वॉर्डात नवा माणूस दिसला की मी त्याच्या खाटेपाशी थांबतो. "तुला सांगितलंय का?" विचारतो. डॉक्टर आठ्या घालतो. घालू दे.

माझ्या अंगावरची चादर मला विचारून निघंल. न विचारता ओढली, तर मनगट पुन्हा धरीन.