मीराने सगळे प्राणी सोडून दिले

मंडळी, आज दुपारचंच सांगतो.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, इथे आखातात आमच्या अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी बारा वर्षांची मीरा फाशांचा खेळ खेळतो. मी गोष्ट रचायची, तिने त्यातले काल्पनिक प्राणी पकडून, वहीत नावं लिहून पाळायचे. वर्षभर हुकलेला पंखवाला कोल्हा आज सापडला.

"पकडलास!" मी ओरडलो.

"रिलीज कर, बाबा. सगळेच. त्यांना कोणी आस्कच नाही केलं."

रविवारी तिला पुण्याच्या हॉस्टेलला पाठवतोय. माझ्या नोकरीचा भरवसा राहिला नाही, म्हणून आम्ही नवराबायकोनेच ठरवलं.

 तिने वहीतलं एकेक नाव खोडलं आणि बॅग भरायला गेली.

तिकीट रद्द करणं मला जमणार नाही. तुम्ही मुलांना विचारून पाठवलंत का? मुलं नाही म्हणाली, तेव्हा काय केलंत?