दुर्बिणीनं नुसतं बघितलं!

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या फजितीचे साक्षीदार टेम्पो भरून आहेत!

माझी पोरगी शिल्पा नांदेडला सर्जन आहे. बिलोलीच्या मास्तराची पोर, सर्जन! हे मी बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगतो. त्यानं विचारलेलं नसलं तरी.

तर झालं काय, रेणापूरच्या माझ्या मेव्हण्याच्या, दगडूच्या, जठरात गाठ निघाली. बिचाऱ्याचं तोंड पार उतरलं. "लातूरलाच दाखवतो," म्हणाला. म्हटलं, "घरात सर्जन असताना? चल नांदेडला!"

शिल्पानं सगळं तपासलं. "मामा, भिऊ नका. दुर्बिणीनं करू."

आता तुम्हीच सांगा, दुर्बिणीनं माणूस काय करतो? बघतो!

दुसऱ्या दिवशी दगडूला आत नेलं. दुपारी शिल्पा बाहेर आली. "बाबा, दुर्बिणीनं सगळं छान झालं," एवढंच बोलली अन् पुढच्या पेशंटकडे पळाली. दगडू गुंगीत. पांघरूण सारून बघतो तर पोटावर बोटाच्या पेराएवढ्या पाच पट्ट्या! बस्स!

म्हणजे आज नुसतं बघितलं. खरं ऑपरेशन उद्या!

लगेच गावात मित्राला फोन लावला. "संभाजी, उद्या दगडूचं पोट फाडणार. लई रक्त लागंल. माणसं आण."

"किती आणू?"

"हायेत तेवढी!"

सकाळी टेम्पो दवाखान्याच्या दारात. माणसं उतरतायत, उतरतायत, संपेचनात! वॉचमन म्हणाला, "मोर्चा हाय का?"

सगळ्यांना घेऊन वर गेलो, तर व्हरांड्यात दगडू नर्सचा हात धरून चालून राहिला!

"अरे, झोप!" मी ओरडलो. "पोट फाडायचंय तुझं आज!"

दगडू मटकन बाकावर बसला. "पुन्हा?"

आवाज ऐकून शिल्पा धावत आली. "बाबा, काय करून राहिलात? ऑपरेशन कालच झालं. आत कॅमेरा घातला, काडीसारखी बारीक हत्यारं घातली, गाठ अख्खी कापून पिशवीतून बाहेर काढली. रिपोर्ट यायचाय, पण मामा ठणठणीत होतील."

"एवढ्याशा भोकांतून?"

"हाव, बाबा."

तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. लिंबाएवढी गाठ! सगळा घोळका मोबाईलवर वाकला. मग संभाजी म्हणाला, "मास्तर, पोरगी लई भारी हाय!"

खरं सांगतो, डोळे भरून आले. फजिती कुठल्या कुठं पळाली. "मग! सांगत होतो ना!" मी म्हणालो. काय सांगत होतो, कुणी विचारलं न्हाई, नशीब!

शिल्पा हसली. "आलाच आहात तर रक्त देऊनच जा. रक्तपेढीत कायम लागतं."

"पहिला मी!" सर्जनचा बाप मागं राहील व्हय? रक्तपेढीत ऐटीत बाही वर केली. तिथल्या मुलीनं सुई काढली...

पुढचं मला आठवत न्हाई.

डोळे उघडले तेव्हा मी दगडूच्या खाटेवर आडवा, अन् पोटाला पाच भोकं पडलेला दगडू स्टुलावर बसून मला फायलीनं वारा घालत होता.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "शिल्पा नेमकी कुणावर गेली हो?"

"तुझ्या बहिणीवर," म्हटलं, अन् पुन्हा डोळे मिटून घेतले.